झिजलेले पार्ट

सायकलच्या उजव्या पायडलचा आटा सुलटा असतो आणि डाव्या पायडलचा उलटा. का, ते मला नवव्या वर्षी माहीत होतं, कारण वसईला माझ्या बाबांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मुलगा नव्हता, म्हणून पंक्चर काढायला, तारा आवळून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला मीच असायचे. लग्नानंतर हे ज्ञान कुठे उपयोगी पडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते टोरांटोत पडलं. यंदाच्या नाताळ अंकासाठी संपादकांनी 'कॅनडातल्या नोकरीचे दिवस' लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा बर्फ, चर्च आणि वसईच्या केळ्यांची आठवण अपेक्षित असावी. माझ्याकडे ते नाही. माझ्याकडे सायकलीचे पार्ट आहेत.

आम्ही आलो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. ऑगी, म्हणजे माझा नवरा ऑगस्टीन, एअरपोर्टजवळ एका वेअरहाउसमध्ये लागला. मी जिथे अप्लाय करेन तिथे 'कॅनेडियन एक्सपिरियन्स' विचारायचे. मग एटोबिकोत एका सायकलच्या दुकानाच्या काचेवर कागद दिसला: बेसमेंटमधले पार्ट लावून ठेवायला माणूस पाहिजे. तेव्हा दहा गिअरच्या सायकलींचं वेड आलं होतं. मोठी माणसंही सायकली घेत होती आणि मालाची खोकी उघडायला दुकानात कुणाला वेळ नव्हता. मालक केन मूळचा इंग्लंडचा, तरुणपणी शर्यतीत उतरलेला, गोड बोलणारा. त्याने माझ्या साडीकडे पाहिलं आणि हसत एक पाना पुढे केला. मी तो घेतला आणि समोरच्या स्टँडवर उलट्या बाजूला आवळत बसलेल्या पोऱ्याला म्हटलं, "तो कप इंग्लिश आहे, दुसऱ्या बाजूला फिरव." केनने दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पायडल ज्या आसावर फिरतात तो सायकलच्या सांगाड्यात दोन कपांमध्ये बसतो. इंग्लिश सायकलीत उजवीकडचा कप उलट्या आट्याचा. इटालियन आणि फ्रेंच सायकलीत दोन्हीकडचे सुलटे, पण मापं वेगळी. डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. चुकीचा कप जोर लावून बसवला की तो बसतो, आणि सांगाडा कायमचा कामातून जातो. मला कप दोन बोटांत धरून अर्धा फेरा दिला की कळायचं. ही काही विद्या नाही, सवय आहे. पण दुकानात ती माझ्याशिवाय कुणाला नव्हती.

शनिवारी सकाळी केनकडे मंडळी जमायची. चाळिशी-पन्नाशीचे, बरे कमावणारे पुरुष. वकील, इंजिनीअर, शाळामास्तर. यांना नव्या सायकलींशी देणंघेणं नव्हतं. जुन्या, हाताने बनवलेल्या स्टीलच्या सायकली, त्याही युरोपातल्या, हे त्यांचं दैवत. रंगाच्या डब्यांवर बसून, कॉफी आणि डोनट घेऊन ते तासन् तास बोलायचे. कुठल्या कारागिराने कुठल्या साली सांध्यावर कसली नक्षी काढली. एकाने हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, द्यायचा, दुसऱ्याने त्याबदली सीट द्यायची. त्यांचा आवडता शब्द 'ओरिजिनल'. आपल्याकडे लग्न जमवताना घराणं बघतात तसं हे सायकलीचं घराणं बघायचे.

मी तोवर बेसमेंटमधून वर काउंटरला आले होते आणि खालचं वर्कशॉपही सांभाळत होते. तरी मला कुणी काही विचारायचं नाही. प्रश्न केनला. केन मान वळवून मला विचारायचा. मी उत्तर द्यायचे. केन तेच उत्तर पुन्हा म्हणायचा. मंडळी माना डोलवायची. मध्ये सहा फूट अंतर होतं, पण माझा आवाज तिथपर्यंत पोचायचा नाही आणि केनचा पोचायचा. ते मला 'सिस' म्हणायचे. सिसिलिया हे नाव त्यांना ऐकलेलं नव्हतं असं नाही. त्यातल्या एकाची आजीच सिसिलिया होती.

त्यांच्यातले सगळ्यात नादिष्ट म्हणजे डॉ. लँगफर्ड. ते दाताचे डॉक्टर. सायकलीच्या दातेरी चक्रातला मळ ते दात कोरायच्या हत्यारांनी काढायचे. सभ्य माणूस. मी दार उघडून दिलं तर न चुकता थँक यू म्हणायचे.

कॅनडात सायकलीचा धंदा सहा महिने असतो. नोव्हेंबर आला की लोक सायकली दुकानात आणून टाकायचे आणि वसंतात घेऊन जायचे. मधल्या काळात सगळं खोलून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडायचं. इथे त्याला ओव्हरहॉल म्हणतात, बाबा ओव्हरऑइलिंग म्हणायचे. हे काम माझं.

एखादी फार जुनी सायकल आली की केन खाली येऊन बघायचा. "सिस, हा डिरेलर झिजलाय. नवा जपानी टाक. पैसे घेऊ नको, आपल्याकडून भेट." डिरेलर म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा मागचा पार्ट. जपानी खरंच चांगला चालायचा. वसंतात म्हातारा गिऱ्हाईक यायचा, चकचकीत पार्ट बघून खूष व्हायचा. मला केन दिलदार वाटायचा. काढलेले पार्ट तो 'भंगारात टाकतो' म्हणून ऑफिसात न्यायचा.

दोन हिवाळे गेल्यावर एका शनिवारी मी कॉफी द्यायला ऑफिसात गेले, तेव्हा केनच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता. आत मी काढलेले पार्ट, पुसून, तेल लावून, मऊ कापडात गुंडाळलेले. मंडळी त्यावर वाकली होती. एका डिरेलरसाठी दोघांची बोली लागली होती. युद्धाआधी इटलीत तो तीन-चार वर्षंच बनला म्हणे. मी ट्रे ठेवला आणि बाहेर आले.

म्हणजे मला माहीत झालं होतं. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सांगताना 'मला बिचारीला काय कळणार' असं म्हणायची सोय राहू नये.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिस्टर नोवाक आले. पोलंडचे. तरुणपणी तिकडे शर्यती मारलेल्या, युद्धानंतर इकडे येऊन लेथवर आयुष्य काढलेलं. एका बेल्जियन कारागिराने त्यांच्या मापाने बनवलेली निळी सायकल त्यांनी बोटीतून आणली होती आणि दर रविवारी ते ती चालवायचे. ते केनशी न बोलता थेट माझ्याकडे आले. माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहून म्हणाले, "मॅडम, काम तुम्ही करता?"

"हो."

"मग तुम्हालाच सांगतो." उजव्या ब्रेकच्या मुठीला त्यांनी स्वतः कानस मारून एक खळगा केला होता. लेथवर त्यांचं मधलं बोट अर्धं गेलं होतं, ते उरलेलं बोट त्या खळग्यात नेमकं बसायचं. "एवढं जपा," म्हणाले.

ते गेल्यावर केन खाली आला. सायकलीभोवती दोनदा फिरला. "डिरेलर, दोन्ही हब, दोन्ही मुठी. सगळं झिजलंय."

"मूठ त्यांनी मुद्दाम..."

"सिस." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हातारा माणूस आहे. उद्या ब्रेक लागला नाही तर जबाबदारी आपली."

तेव्हा ऑगी वेअरहाउसमध्ये पाठ धरल्यामुळे चार महिने घरी झोपून होता. हे कारण आहे, सबब नाही. मी पाना घेतला आणि पार्ट उतरवले. दोन्ही मुठी मी तपासल्या होत्या. पुढची वीस वर्षं त्यांना काही झालं नसतं.

एप्रिलमध्ये नोवाक सायकल न्यायला आले. त्यांनी चाक फिरवलं, साखळी पाहिली, सीटला हात लावला. मग मूठ धरली. बोट खळगा शोधत राहिलं.

"माझ्या मुठी कुठे आहेत?"

केन काउंटरमागून म्हणाला, "सिसने काम केलंय. ती सांगेल."

मी म्हणाले, "झिजल्या होत्या, सर. धोका होता. टाकून दिल्या."

"टाकल्या?"

"हो."

त्यांनी नवी मूठ एकदा दाबून सोडली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे झिजल्या असणार. मी रोज हात लावतो, माझ्याच लक्षात आलं नाही. वय झालं." आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. माझ्या हाताला ग्रीस लागलेलं होतं, मी हात मागे घेत होते, पण त्यांनी धरला.

ते भांडले असते तर मला बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. उलट दर नोव्हेंबरला यायचे आणि सांगायचे, "सायकल सिसिलियाच्या हातात द्या." पूर्ण नाव, नीट उच्चारून. नाताळात त्यांच्या बायकोने केलेली खसखशीची गुंडाळी, म्हणजे त्यांच्याकडचा गोड रोल, आणायचे. लेथवर आटे कसे पाडतात ते समजावून सांगायचे, माझ्या बाबांच्या दुकानाबद्दल विचारायचे. एवढ्या वर्षांत त्या दुकानात माझ्याशी कामाबद्दल बोललेलं गिऱ्हाईक हे एकच. खसखशीची गुंडाळी ऑगी आणि आमच्या मुली खायच्या. मी गोड खात नाही असं मी घरी सांगून टाकलं होतं.

पार्ट डॉ. लँगफर्डनी घेतले. त्यांच्याकडे त्याच बेल्जियन कारागिराची एक सायकल होती, तिच्यावर त्यांनी ते चढवले. खळगा पाडलेली मूठ तर ते सगळ्यांना दाखवायचे. "हे बघा, कुठल्यातरी व्यावसायिक खेळाडूने आपल्या पकडीसाठी घासलंय. कल्पना करा, हा हात कुणाचा असेल!" मंडळी कल्पना करायची. मी टायरच्या पावत्या लिहीत असायचे.

नोवाक नेहमी मधल्या वारी यायचे. एका शनिवारी मात्र टपावर निळी सायकल बांधलेली त्यांची गाडी दुकानासमोर थांबलेली मला काचेतून दिसली. आत स्टँडवर डॉक्टरांची सायकल टांगलेली, मूठ दाराकडे. मी कोट न घालता बाहेर धावले. म्हणाले, "आत फार गर्दी आहे सर, इथेच बघते." फुटपाथवर, गोठवणाऱ्या वाऱ्यात, मी त्यांच्या ब्रेकची तार बदलून दिली. बोटं बधिर झाली होती, तार दोनदा हातातून सुटली. ते आपला मफलर काढून मला देऊ लागले. मी घेतला नाही. "तुमच्यासारखं काम आता कुणी करत नाही," असं म्हणून ते गेले. आत आले तेव्हा केनने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. शाबासकी होती ती.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मधल्या काळात अ‍ॅल्युमिनियमच्या सायकली आल्या, मग जाड टायरच्या डोंगरी सायकली आल्या. जुन्या स्टीलला बाजारात विचारणारं कुणी राहिलं नाही, त्यामुळे शनिवारच्या मंडळींचं प्रेम दुपटीने वाढलं. एका नोव्हेंबरला नोवाक आले नाहीत. त्यांच्या घरी फोन करावा असं मनात आलं. केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी तिशीची एक बाई निळी सायकल ढकलत आत आली. सायकल मी लांबूनच ओळखली. ती नोवाकांची मुलगी इरेना. वडील गेले, आई तिच्याकडे सस्काटूनला चालली होती, घर रिकामं करायचं होतं. "डॅड म्हणायचे ही सायकल चांगली आहे. तुम्ही घ्याल का?"

केनने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा चढवून सायकल तपासली. सांगाड्यावरून हात फिरवताना त्यांचा चेहरा अगदी उजळला होता. मग नजर मागच्या चाकाकडे गेली. "अरेरे! फ्रेम अप्रतिम आहे. पण डिरेलर जपानी, हब जपानी, मुठी कुठल्यातरी भलत्याच. कुणीतरी हिची पार वाट लावलीय. ओरिजिनल काही उरलंच नाही."

"मग हिला किंमत नाही?" इरेनाने विचारलं.

"फारशी नाही," केन म्हणाला. "पण आम्ही घेऊ. तुम्हाला त्रास नको म्हणून."

मी काउंटरची फळी उचलून बाहेर आले. चार पावलं असतील. मला आठवतं की मी हात फडक्याला पुसत होते.

"हिचे पार्ट मी काढले," मी इरेनाला म्हणाले. "चांगले होते. केनने सांगितलं म्हणून काढले. ते आता यांच्या सायकलीवर आहेत, ती बाहेर उभी आहे ना, तिच्यावर. उजव्या मुठीला खळगा आहे बघा. तुमच्या वडिलांच्या बोटाचा. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, झिजले होते, टाकून दिले."

 रंगाच्या डब्यांवरच्या मंडळींनी कॉफीचे कप बघितले. केन म्हणाला, "सिस, तू आज घरी जा."

इरेना बाहेर जाऊन डॉक्टरांच्या सायकलीजवळ उभी राहिली. मूठ हातात धरली. परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. मला म्हणाली, "डॅडने ते हरवलेले पार्ट खूप मनाला लावून घेतले होते. मी म्हटलं होतं, दुकानाने चोरले असतील. ते माझ्यावर रागावले. म्हणाले, ती बाई कारागीर आहे, कारागीर अशा गोष्टीत खोटं बोलत नाही."

मी पर्स घेतली आणि निघाले. त्या दुकानात मी पुन्हा काम केलं नाही. केनने काढून टाकलं असं म्हणता येणार नाही, त्याने बोलावलं नाही आणि मी गेले नाही. पुढे एका शाळेच्या किचनमध्ये लागले.

बसस्टॉपवर उभी असताना मला वाटत होतं, निदान आता त्या पोरीला तिच्या वडिलांच्या वस्तू मिळतील. बस यायला वेळ होता, म्हणून पुढचं मला दिसलं. दुकानाच्या पार्किंगमध्ये डॉक्टर इरेनाशी बोलत होते, टोपी हातात घेऊन, फार अदबीने. मग त्यांनी निळी सायकल आपल्या गाडीच्या टपावर, त्या दुसरीच्या शेजारी बांधली. इरेनाने त्यांच्याशी हात मिळवला. तिला काय दोष देऊ? तिला घर रिकामं करायचं होतं, आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं असणार की सायकल पुन्हा पूर्ण होईल. ते खरंच होतं. मी खरं बोलले नसते, तर डॉक्टरांना ती बिनकिमतीची फ्रेम होती. मी खरं बोलले आणि त्यांना घरबसल्या अख्खी ओरिजिनल सायकल मिळाली.

महिन्याभराने डॉक्टर आमच्या अपार्टमेंटमध्ये आले. फोन करून, वेळ घेऊन. ऑगीने चहा केला. डॉक्टरांनी मला पहिल्यांदाच 'मिसेस' लावून हाक मारली. एका प्रदर्शनात ती सायकल ठेवायची होती आणि पार्ट त्याच सायकलीचे असल्याचा लेखी पुरावा पाहिजे होता. "ते तुम्हीच देऊ शकता. तुमच्याशिवाय कुणी साक्षीदार नाही."

मी कागद घेतला आणि इंग्रजीत लिहिलं, जेवढं येत होतं तेवढं. हे पार्ट मी मिस्टर नोवाक यांच्या सायकलीवरून काढले. त्यांना न विचारता काढले आणि झिजले असं खोटं सांगितलं. खाली सही.

डॉक्टरांनी दोनदा वाचलं. "सुंदर. फक्त... दुसरं वाक्य गाळता येईल का? त्याने पुराव्यात काही भर पडत नाही. उगाच तुमचीच बदनामी."

"नाही," मी म्हणाले.

"त्यांच्या मुलीलाही वाईट वाटेल."

"तिला माहीत आहे."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, चहाचे आभार मानले आणि गेले. कप उचलताना ऑगी म्हणाला, "दिलं असतंस एक वाक्य कमी करून, तर काय बिघडलं असतं? माणूस तर गेला."

 इतकी वर्षं मी त्याला खसखशीची गुंडाळी का खात नाही हेही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तो भांडी घासत ऐकत होता. मध्येच त्याने नळ बंद केला आणि पुन्हा चालू केला नाही.

दुकान पुढे दोनेक वर्षांत बंद झालं. शनिवारच्या मंडळींतला शाळामास्तर एकदा ग्रोसरीत भेटला. तोंड चुकवून जाईल असं वाटलं, पण थांबला, मुलींची चौकशी केली. मग म्हणाला, सायकल प्रदर्शनात फार गाजली. डॉक्टरांनी ती आपल्या बेसमेंटमध्ये भिंतीवर टांगली आहे आणि शेजारी चौकटीत केनचं पत्र लावलंय. दुकानाच्या कागदावर टाइप केलेलं. पार्ट ग्राहकाच्या संमतीने उतरवले आणि जपून ठेवले, असं त्यात आहे.

"तुमचंही नाव आहे त्यात," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून सांगत होता. "काम करणारी कारागीर म्हणून. अगदी पूर्ण नाव, स्पेलिंगसकट बरोबर."

दहा-बारा वर्षांत त्या दुकानाच्या कुठल्याही कागदावर ते आलेलं मला आठवत नाही.